दुरुस्तीला आलेल्या मेणबत्त्या

सेनाइदाच्या घरून गेलेल्या मेणबत्त्या परत येत त्या दोनच कारणांनी. एक तर नेणाऱ्याने धांदरटपणा करून वाटेत एखादं फूल मोडलेलं असे, नाहीतर उन्हातून मिरवत नेऊन पाकळ्या लोळवून टाकलेल्या असत. तिसरं कारण तिच्या घराला कधी लागू पडेल असं काही तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. सगळा घोटाळा झाला तो तिथे.

त्या गावात मुलाकडचे मागणी घालायला निघाले की रिकाम्या हाताने जात नाहीत. मधमाशीच्या मेणाच्या, उन्हात ठेवून पांढऱ्या केलेल्या, हातभर लांब मेणबत्त्या नेतात, आणि त्यांच्यावर मेणाचीच फुलं, कळ्या, पक्षी. मेणबत्त्या दारात थांबतात. गावातला एखादा बोलका वयस्क पुढे होऊन लांबलचक बोलतो. मुलीकडच्यांना पसंत असेल तर ते मेणबत्त्या आपल्या हाताने आत नेऊन देव्हाऱ्यात ठेवतात, आणि मग त्या पेटवल्या की झालं लग्न पक्कं. पसंत नसेल तर दारातूनच रामराम. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सेनाइदा तर जन्मभर त्याच मेणबत्त्या करत आलेली बाई, तिला हे कुणी सांगायची गरज होती का?

कारखाना वगैरे काही नव्हता. अंगणात चूल, चुलीवर मेणाचं पातेलं, आढ्याला टांगलेलं एक लाकडी कडं आणि कड्याला लोंबणाऱ्या सुती वाती. भोपळ्याच्या वाटीने वातीवरून मेण ओतायचं, कडं फिरवायचं, पुढच्या वातीवर ओतायचं, आणि मेणबत्ती मनगटाएवढी जाड होईपर्यंत हेच करत राहायचं. फुलांसाठी लाकडाचे साचे. साचा आधी पाण्यात, मग पातळ मेणात, मग पुन्हा पाण्यात बुडवला की पाकळी सुटून तरंगते. ती कोमट असते तेवढ्यात चिमटीत धरून तिची कड दाबत दाबत पातळ करायची, इतकी की पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. सगळी कला त्या चिमटीत होती, आणि सेनाइदाची चिमूट गेली होती.

केव्हा गेली ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. आधी थंडीत अंगठे आखडायचे, मग उन्हाळ्यातही आखडायला लागले. सांधे सुजले. पाकळ्या जाडजूड, पोळीच्या तुकड्यासारख्या व्हायला लागल्या. हे तिने कुणाला सांगितलं नाही, पोटच्या पोरीला तर नाहीच. चुलीच्या धुराने डोळे चुरचुरतात असं म्हणायची आणि फुलं हर्मिनियाकडे सरकवायची. तरी अधूनमधून आपल्याही थोड्या पाकळ्या करून परातीत टाकायची, आणि आश्चर्य म्हणजे फुलं लावून झाली की तिची एकही पाकळी वेगळी ओळखू यायची नाही. चला, अजून जमतंय म्हणायचं, असं मनात म्हणून ती समाधान मानून घ्यायची. नवरा गेल्यापासून त्या दोघीच होत्या. हर्मिनिया सासरी गेली तर ही चूल विझणार, हे सेनाइदाला पक्कं माहीत होतं, म्हणून ती त्या वाटेने विचारच करत नसे.

सुगी आटोपल्यावर मागवाली पेत्रोनिला घरी आली. तिच्या घरात मागच माग, सगळ्या सुना दिवसभर घोंगड्या विणत असायच्या. म्हणाली, मुलासाठी, लिबोरियोसाठी, मागणीच्या मेणबत्त्या हव्यात, गावात आजवर कुणी पाहिल्या नसतील अशा. कुणाच्या दारात नेणार हे विचारायचं नसतं. उद्या नकार मिळाला तर निदान मेणबत्तीवालीच्या तोंडून तरी बोभाटा नको, म्हणून ही रीत. सेनाइदाने विचारलं नाही; विचारायची तिला गरजही वाटली नाही. बेकरीवाल्याची रुफिना! लिबोरियो सकाळ-संध्याकाळ पाव आणायला त्या गल्लीत दिसतो, मग दुसरं कोण असणार? त्या गल्लीच्या तोंडाशीच आपलंही घर आहे, ही गोष्ट तिच्या हिशेबात आली नाही ती नाहीच.

हर्मिनिया मात्र त्या कामात विचित्र वागू लागली. केलेली फुलं वितळवायची, पुन्हा करायची. एरवी चुरूचुरू बोलणारी पोरगी, तोंडाला कुलूप. निवडुंगावरच्या किड्यांचा लाल रंग मेणात घालताना एकदा इतका घातला की पातेलंभर मेण काळपट झालं. सेनाइदाने बोलून घेतलं तर नेहमीसारखं उलट बोललीसुद्धा नाही. शेवटी एका मेणबत्तीवर समोरच्या बाजूला एक जागा रिकामी ठेवून ती म्हणाली, "आई, इथलं मोठं फूल तू कर."

सेनाइदाला कळेना, हे काय मध्येच. डोळ्यांत धूर गेलाय म्हणून तिने टाळलं. हर्मिनियाने खाली बसून ते फूल स्वतःच केलं. लिलीचं फूल होतं. इतकं नाजूक की सेनाइदाला पोरीचा अभिमानही वाटला आणि थोडी भीतीही.

रविवारी सकाळीच लिबोरियोचे चुलतभाऊ येऊन मेणबत्त्या घेऊन गेले. हर्मिनिया वातींचं सूत आणायला त्लाकोलुलाच्या बाजाराला निघाली. जाताना दोनदा परत आली, एकदा टोपली विसरली म्हणून आणि दुसऱ्यांदा कशाला ते सांगितलंच नाही. सेनाइदाने अंगण झाडलं, साचे धुऊन पालथे घातले आणि घेवडा शिजत लावला. रुफिनाच्या बापाने काय उत्तर दिलं असेल याचा ती आपल्याशीच अंदाज बांधत होती.

दुपार चढली आणि फाटक धाडकन उघडलं. बघते तर तेच चुलतभाऊ, घामाने थबथबलेले, हातात त्याच मेणबत्त्या. पळतच आले होते. मोठा होता त्याचं नाव फाउस्तो. तो दारात थबकला आणि म्हणाला, "काकू, ऊन फार लागतंय, मेण मऊ पडायला लागलंय. काय करू?"

आता झालं होतं असं की ही मंडळी सकाळीच निघायची होती, पण मागणीचं भाषण करणारे वयस्क क्रिसांतो आंघोळ करून, मिशा पिळून, टोपी शोधून तयार होईपर्यंत सूर्य डोक्यावर आला. म्हातारी माणसं, पावाच्या टोपल्या, चॉकलेट, मेस्काल दारूच्या बाटल्या, सगळं हळूहळू मागून येत होतं. मेणबत्त्या वितळायला लागल्या म्हणून पोरांना पुढे पिटाळलं होतं, की जा आणि दारातल्या सावलीत उभे राहा. पण हे सेनाइदाला कोण सांगणार? तिला दिसल्या त्या फक्त मेणबत्त्या, आणि मान टाकायला लागलेल्या कळ्या.

तिचा पारा चढला. मेणबत्त्या अशा भर दुपारी हिंडवतात का, अक्कल गहाण टाकली होती का, बेकरीवाल्याने दारात उभं केलं की काय इतका वेळ, असं सगळं एका दमात तिने त्यांना ऐकवलं. बेकरीवाल्याचं नाव ऐकून फाउस्तो गोंधळला. तो काही बोलणार तेवढ्यात तिने त्याच्या हातातल्या मेणबत्त्या काढूनही घेतल्या. घरात सगळ्यात गार जागा कुठली, तर देव्हाऱ्याची खोली. जाड मातीच्या भिंती, बारीकशी खिडकी. दुरुस्तीच्या मेणबत्त्या ती तिथेच ठेवायची. एकेक करून तिने त्या आपल्या हाताने संतांच्या तसबिरींपुढे उभ्या केल्या, लवंडू नयेत म्हणून बुडाशी खडे लावले, आणि पाकळ्यांवर फुंकर घालत बसली.

मागून गलका ऐकू आला. वळून पाहते तर खोली माणसांनी भरत चाललेली. पेत्रोनिला, तिच्या सुना, क्रिसांतो, पावाच्या टोपल्या, आणि एकाच्या काखेत पाय बांधलेला टर्की कोंबडा. एवढ्याशा दुरुस्तीसाठी एवढं बिऱ्हाड? सेनाइदाला क्षणभर वाटलं, कामाचा मोबदला म्हणून टर्की आणलाय. एवढं कशाला, असं ती म्हणणारही होती. पण सगळे तिच्याकडे, मग देव्हाऱ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे बघत होते. क्रिसांतोंनी भाषणासाठी टोपी काढली होती, ती त्यांच्या हातातच राहिली. कसंबसं म्हणाले, माझं बोलणं व्हायच्या आधीच, बाई? असं तर मी आजपर्यंत पाहिलं नाही.

आणि पेत्रोनिला रडत रडत पुढे आली, तिने सेनाइदाला घट्ट मिठी मारली आणि म्हणाली, "विहीणबाई."

सेनाइदाच्या डोक्यात तो शब्द शिरला आणि तिथेच फिरत राहिला. विहीणबाई? कुणाची? रुफिना कुठे गेली? तिने फाउस्तोकडे पाहिलं, तर तो भिंतीकडे बघत होता. तिने देव्हाऱ्याकडे पाहिलं. तिच्याच मेणबत्त्या, तिच्याच घरात, तिच्याच हाताने ठेवलेल्या, बुडाला खडे लावून, चांगल्या भक्कम. मग तिला कळलं.

कोणीतरी तिला बाकावर बसवलं. सुनांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, प्यायचं चॉकलेट घुसळल्याचा आवाज यायला लागला. क्रिसांतोंना मात्र चैन नव्हतं. भाषण तयार होतं, ते त्यांनी केलंच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आधीच होकार मिळालेल्या माणसांपुढे. त्यातलं एक अक्षर सेनाइदाच्या कानात गेलं नाही.

तिच्या मनात एकच चाललं होतं. खरं सांगून टाकावं. माझी चूक झाली, मला वाटलं दुरुस्तीला आल्यात, घेऊन जा परत. यात खोटं काय होतं? काहीच नाही. गाव हसलं असतं, पेत्रोनिला रुसली असती, पण पोरगी घरात राहिली असती आणि चूलही. तोंड उघडायचा अवकाश होता. पण तोंड उघडेना. कारण चूक सुधारायला आपण बोलणार आहोत की पोरगी ठेवून घ्यायला, हे तिचं तिलाच समजेना. खरं बोलून आपण पोरीला फसवत तर नाही ना? आणि गप्प राहिलो तर? पोरीला न विचारता तिला देऊन टाकल्यासारखं नाही का होणार? हर्मिनियाला हा लिबोरियो हवा आहे का, हेसुद्धा आपल्याला माहीत नाही! कसली आई म्हणायची मी, असं तिला वाटलं आणि फार लाज वाटली.

भाषण संपलं. क्रिसांतोंनी काड्यापेटी काढली आणि म्हणाले, आता पेटवू या.

सेनाइदा ताडकन उठली. मेणबत्त्यांपुढे जाऊन उभी राहिली, पाठमोरी, काही नीट करत असल्यासारखी, आणि अंगठा लावून तिने समोरची लिली सरळ मोडली. फूल देठापासून तुटून तिच्या तळहातावर आलं. वळून तिने ते सगळ्यांना दाखवलं. म्हणाली, उन्हाने मोडलं बघा. मोडक्या फुलाची मेणबत्ती माझ्या घरात पेटणार नाही. आधी दुरुस्त करते, तोवर चॉकलेट घ्या.

क्रिसांतो काड्यापेटी खिशात ठेवून बसले. पेत्रोनिलाला उलट कौतुकच वाटलं, की बाई कामाच्या बाबतीत किती चोख.

तेवढ्यात हर्मिनिया आली. फाटकात तिला टर्की दिसला असणार, कारण ती पुढच्या दाराने आत आलीच नाही. मागच्या अंगणात, चुलीपाशी, सुताची टोपली छातीशी धरून उभी राहिली. सेनाइदा मोडकी लिली घेऊन बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. आतल्या बायकांचे आवाज तरी येतच होते.

"तुला लिबोरियो हवाय का?" तिने विचारलं. आडवळण घ्यायला वेळ नव्हता.

हर्मिनियाने टोपली खाली ठेवली. "मी त्याला ये म्हटलं होतं. मग नको म्हटलं. मग पुन्हा ये म्हटलं असेन. आई, शेवटचं काय म्हटलं ते आता माझं मलाच आठवत नाही."

"आणि नको कशासाठी म्हटलंस?"

पोरीची नजर आईच्या हातांवर होती. सेनाइदाने सवयीने ते शालीखाली घेतले.

"राहू दे, लपवू नकोस," हर्मिनिया म्हणाली. "मला कधीचं माहीत आहे. परातीतल्या तुझ्या पाकळ्या मी वितळवते आणि त्यांच्या जागी माझ्या ठेवते. तू पाणी आणायला गेलीस की."

म्हणजे ते समाधान, ते अजून जमतंय, ते सगळं या पोरीने करून ठेवलेलं होतं? रागवावं की रडावं ते सेनाइदाला कळेना. आधी तिला राग आला, खराखुरा, आपल्याला लहान मुलासारखं फसवल्याचा. मग लगेच आठवलं की फसवणं तर आपणच सुरू केलं होतं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "मग त्या मेणबत्तीवरचं फूल मला कर म्हणून का सांगितलंस?"

"माझ्या मागणीच्या मेणबत्तीवर तुझ्या हातचं एक तरी असावं म्हणून. कसं का होईना." हर्मिनिया म्हणाली. "तू नाही म्हणालीस, तेव्हा मी त्याला नको म्हटलं."

आतून पेत्रोनिलाने हाक मारली, विहीणबाई, झालं का. सेनाइदाने तिकडे लक्ष दिलं नाही. तिने मोडकी लिली चुलीच्या कडेला गरम राहिलेल्या मेणाच्या पातेल्यात टाकली. लिली मेणात हळूहळू विरघळत गेली. हर्मिनियाने हात पुढे केला होता, पण उशीर झाला होता. मग सेनाइदाने पातेलं उचललं, पाण्याची बादली पोरीच्या हातात दिली, साचा कमरेला खोचला, आणि दार पायाने ढकलून सगळ्यांच्या देखत देव्हाऱ्यापुढे जमिनीवर बसली.

आजवर तिला काम करताना घराबाहेरच्या कुणी पाहिलंच नव्हतं. तिने साचा बुडवला, पाकळी सुटली, चिमटीत धरली. अंगठा बसेना. दुसऱ्या हाताने अंगठ्यावर दाब देऊन तिने कड दाबली. पाकळी जाड राहिली. पुन्हा तेच. एका सुनेने दुसरीला कोपराने ढोसलं ते तिला दिसलं. दिसू दे. क्रिसांतोंनी चॉकलेटचा पेला खाली ठेवला, त्यावर साय धरली, तरी ती एकच पाकळी दाबत बसली होती. मध्ये एकदा हर्मिनिया मदतीला वाकली, तर सेनाइदाने मान हलवून तिला परत उभी केली. घाम डोळ्यांत उतरत होता, हात ठणकत होते, आणि हे आपण पोरीला पाठवायला करतोय की ठेवायला, हे तिला अजूनही सांगता आलं नसतं. पण फूल पुरं करायचं, एवढं ठरलं होतं.

शेवटी झालं. सगळ्या पाकळ्या जोडून, देठाला ऊन मेण लावून तिने ते रिकाम्या जागी चिकटवलं आणि गार होईपर्यंत धरून ठेवलं. हात काढला तर फूल एका बाजूला कललेलं. पाकळ्या जाड, कडा वेड्यावाकड्या. शेजारच्या नाजूक फुलांत ते लांबूनही उठून दिसत होतं.

क्रिसांतो वाकून बघत म्हणाले, हे बाकीच्यांहून जरा निराळं दिसतंय.

"माझ्या हातचं आहे," सेनाइदा म्हणाली.

पेत्रोनिलाच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिला आत्ता काहीतरी उमगलंय. ती सेनाइदाच्या हातांकडे बघत राहिली. मग हळूच विचारलं, आता इथली फुलं कोण करणार. सेनाइदाने सांगितलं, मी आहे की. सगळ्या खोलीने ते फूल पाहिलं होतं. पेत्रोनिला इतकंच पुटपुटली की आमचं घर इथून काही लांब नाही, आणि ती कुणाशी बोलली ते नीट कळलं नाही.

क्रिसांतोंनी काडी सेनाइदापुढे धरली. तिने ती घेतली नाही. हर्मिनियाकडे बोट दाखवून म्हणाली, हिला द्या, हिचं हिला ठरवू दे.

हर्मिनिया पुढे आली. रोजच्या सवयीने तिचा हात त्या कललेल्या फुलाकडे गेला, दोन बोटांनी ते सरळ करायला. बोटं पाकळीला लागली, आणि तिथेच थांबली. तिने हात मागे घेतला, फूल होतं तसंच राहू दिलं, आणि काडी ओढून सगळ्यात आधी तीच मेणबत्ती पेटवली.